तुम्ही विचारलंत म्हणून: हायब्रिडची चव

“हायब्रिड हातात कशी लागते हो? खरंच एवढी चांगली, की नुसता बोलबाला?” दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला हे विचारतंच. प्रश्न गोल्फमधल्या हायब्रिडचा: पातळ पोलादी डोक्याचं ‘आयर्न’ आणि जाड डोक्याचं ‘वुड’ यांच्या संकरातला क्लब, म्हणजे बॉल मारायची काठी. विचारणाऱ्याच्या बॅगेत बहुधा तीन आणि चार नंबरची आयर्न असतात, कोरी करकरीत. कोरी, कारण ती बाहेरच निघत नाहीत.

आमच्या घरात हायब्रिड हा शब्द गोल्फच्या फार आधी आला. वडील सोलापूरकडचे शेतकरी. सीएसएच-1 हे ज्वारीचं भारतातलं पहिलं संकरित वाण 1964 सालचं, आणि पुढच्या काही वर्षांत ‘हायब्रिड’ म्हणजे ज्वारीच असं खेड्यापाड्यांत समीकरण झालं. पीक भरपूर. पण मालदांडी या जुन्या ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसांना ती भाकरी कधी आवडली नाही. “पोतं भरतं, तोंड नाही भरत,” असं वडील म्हणायचे. एक्केचाळिसाव्या वर्षी मी गोल्फ शिकायला लागले आणि काही वर्षांनी पहिली हायब्रिड घेतली. वडिलांना ती दाखवली, तर नाव ऐकूनच ते हसले. म्हणाले, “म्हणजे पीक चांगलं असणार.”

आहेच. आधी पिकाचं सांगते.

चार नंबरच्या आयर्नचं डोकं म्हणजे पोलादाची पातळ पट्टी. वजन सगळं फेसच्या, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूच्या, मागे लगटून. फेसचा तिरकेपणा, म्हणजे लॉफ्ट, कमी. अशा क्लबनं गवतावरचा बॉल वर चढवायचा तर स्विंगला वेग लागतो, आणि तो माझ्यासारख्या बायकांकडे नसतो, साठीकडे झुकलेल्या बहुतेक पुरुषांकडेही नसतो, ते कबूल करत नाहीत एवढंच. हायब्रिडचं डोकं आतून पोकळ. त्यामुळे वजन खाली आणि मागे नेता येतं, आणि लॉफ्ट तेवढाच असूनही बॉल उंच उठतो. फेसच्या मधोमध लागला नाही तरी डोकं हातात फारसं वळत नाही. आयर्ननं कडेला लागलेला फटका जिथे अर्ध्या वाटेत बसतो, तिथे हायब्रिडचा निदान ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, आसपास पोचतो.

म्हणून “किती यार्ड जास्त जातो?” या प्रश्नाला माझं उत्तर कुणाला आवडत नाही. माझा चार नंबरच्या आयर्नचा सगळ्यात चांगला फटका आणि 22 अंशांच्या हायब्रिडचा सगळ्यात चांगला फटका यांत फार तर पाच-सात यार्डांचा फरक. मात्र आयर्नचा तो फटका महिन्यातून एकदा लागायचा. खरा फरक वाईट फटक्यांत आहे. दुसरा फरक बॉल उतरतो कसा त्यात. उंचावरून उतरलेला बॉल ग्रीनवर थांबतो. आयर्नचा खालून सुसाट जायचा, ग्रीनवर पडून पलीकडच्या बंकरमध्ये, वाळूच्या खड्ड्यात, घरंगळायचा, आणि लोक वर “काय मारलात!” म्हणायचे.

पावसाळ्यात तर विचारू नका. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडचं रफ, म्हणजे कडेचं वाढलेलं गवत, ओलं, जाड, घोट्याच्या वर. तिथे आयर्न घातलं की गवत त्याच्या मानेला विळखा घालतं, फेस मिटतो आणि बॉल डावीकडे दहा पावलांवर. फेअरवे वुडचं डोकं मोठं, दांडा लांब, तेही अडकतं. हायब्रिडचं बूड गोलसर असतं, गवतातून घसरत निघतं. उगाच नाही एका कंपनीनं तिचं नाव ‘रेस्क्यू’ ठेवलं. आमचे जुने कॅडी, म्हणजे बॅग वाहणारे मदतनीस, अजूनही सगळ्याच हायब्रिडना रेस्क्यू म्हणतात, जसं सगळ्या वनस्पती तुपाला डालडा.

आता चव. तुम्ही विचारलं होतंत ते खरं तर हेच.

डिसेंबरमधली पुण्याची सकाळ, सहा-साडेसहाची वेळ, बोटं गारठलेली. अशा वेळी आयर्नच्या टोकावर बॉल लागला की कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. डोळे मिटून सांगता येतं: टोकाला लागला, टाचेला लागला, टॉप झाला, म्हणजे बॉलच्या डोक्यावर बसला. आणि मधोमध लागला तर? काहीच वाटत नाही. लोण्यातून सुरी जावी तसा दांडा निघून जातो. ते ‘काहीच न वाटणं’ यासाठी माणसं वर्षानुवर्षं रेंजवर, सरावाच्या मैदानावर, उभी राहतात.

हायब्रिडमध्ये सगळेच फटके ‘बरे’ वाटतात. दांडा ग्रॅफाइटचा, पोलादाच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा, झटके पिऊन टाकणारा. डोकं स्वतः न वळणारं. मधोमध लागलेला आणि अर्धा इंच बाजूला लागलेला यांतला फरक हाताला फार पुसट कळतो. माझ्या दुखऱ्या कोपराला हे वरदान आहे. पण मला काय चुकलं हे कळत नाही. बॉल कुठे पडला ते बघून मागे हिशोब लावावा लागतो.

आवाजही वेगळा. आयर्नचा ‘टक्’. हायब्रिड पोकळ, तिचा फेस पातळ, म्हणून ‘टण्’च्या अंगानं जाणारा काहीतरी, रिकाम्या पितळी डब्यावर पळी लागावी तसा. मला पहिले सहा महिने तो लाजिरवाणा वाटायचा. एकदा गंमत म्हणून कानात कापसाचे बोळे घालून रेंजवर वीसेक बॉल मारले, निम्मे आयर्ननं, निम्मे हायब्रिडनं. दोन्हींतला फरक एकदम आटला. म्हणजे आपण ज्याला हाताचा ‘फील’ म्हणतो त्यातला बराच कानातून येतो. शिवाय बॉल फेसला टेकलेला असतो तो सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरता. झिणझिणी हातापर्यंत पोचते तोवर तो उडालेला असतो. फील ही मागाहून आलेली तार, तिनं फटका सुधारत नाही. पुढचा सुधारला तर सुधारतो. हायब्रिडची तार उशिरा येते आणि मजकूर गुळमुळीत असतो, एवढीच माझी तक्रार.

एक खोड मात्र सांगायला हवी, दुकानदार सांगत नाहीत. ती डावीकडे पळते. दांडा आयर्नपेक्षा इंच-दीड इंच लांब आणि हलका, बऱ्याच हायब्रिडचा फेस मुळातच किंचित मिटलेला, कारण त्या स्लाइस मारणाऱ्यांसाठी, म्हणजे ज्यांचा बॉल उजवीकडे वळतो त्यांच्यासाठी, बनवलेल्या. ज्याचा बॉल आधीच हुक होतो, म्हणजे डावीकडे वळतो, त्यानं डोळे मिटून घेऊ नये. माझे पहिले दोन आठवडे डावीकडच्या झाडांत गेले. एका सकाळी कॅडी शेवटी वैतागून म्हणाला, “मॅडम, उचलताय कशाला? खाली मारा. उचलायचं काम तिचं आहे.” मी तिला वुड समजून झाडू मारल्यासारखी फिरवत होते. आयर्नसारखी थोडी खाली बसवली, बॉल डाव्या टाचेपासून जरा आत घेतला, आणि झाडं सुटली. त्या कॅडीला मी त्या दिवशी फीपेक्षा जास्त पैसे दिले. एवढ्या पैशांत कोचनं अर्धा तास नुसता माझा ग्रिप पाहिला असता.

हायब्रिड म्हणजे म्हाताऱ्यांचा क्लब, असं माझे दीर म्हणतात. त्यांना मी दोन गोष्टी ऐकवते. 2004 ची ब्रिटिश ओपन, रॉयल ट्रून. टॉड हॅमिल्टन आणि एर्नी एल्स यांची बरोबरी, म्हणून चार होलचा प्लेऑफ. शेवटच्या होलला हॅमिल्टन ग्रीनच्या अलीकडे, साधारण तीस यार्डांवर. त्यानं वेज, म्हणजे जवळून बॉल उंच उचलणारा क्लब, काढलीच नाही. हायब्रिड धरून पटरसारखी, म्हणजे ग्रीनवर बॉल घरंगळवायच्या क्लबसारखी, ढकलली, बॉल जमिनीलगत धावत होलच्या दोन-तीन फुटांवर थांबला, आणि विजेतेपद त्याचं. दुसरी 2009 ची पीजीए चॅम्पियनशिप, हेझल्टाइन. कोरियाचा वाय. ई. यांग अठराव्या होलवर टायगर वुड्सच्या एका फटक्यानं पुढे. दोनशेहून जास्त यार्डांवरून त्यानं झाडाच्या वरून हायब्रिड मारली ती थेट ग्रीनवर झेंड्याजवळ. मेजर, म्हणजे गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकणारा तो आशियातला पहिला पुरुष. शेवटच्या दिवशी आघाडीवर उतरलेला वुड्स मेजरमध्ये त्याआधी कधीच हरला नव्हता. दिरांचं म्हणणं, “ते ते आहेत, तुम्ही तुम्ही.” बरोबर आहे. पण मग चार नंबरचं आयर्न त्यांनी तरी कशाला बाळगावं?

हॅमिल्टनची ती ढकल मीही उचलली. ग्रीनच्या काठावर दाट गवतात बॉल असेल तर पटर अडतो आणि वेजनं डफ होतो, म्हणजे क्लब आधी जमिनीत रुततो. हायब्रिड पटरसारखी धरते. बॉल गवतावरून टुणकन उठतो आणि मग घरंगळतो. इथे मात्र तिचा तो पातळ, उसळता फेस त्रास देतो. पहिल्या काही वेळा बॉल होलच्या दुप्पट पुढे गेला. सवय होईपर्यंत हात अगदी लोण्याचे ठेवावे लागतात.

घ्यायचीच असेल तर नंबर बघू नका, लॉफ्ट बघा. एका कंपनीची चार नंबरची दुसरीच्या तीनला भिडते. तुमच्या सगळ्यात लांबच्या, पण खरोखर लागणाऱ्या आयर्नचा लॉफ्ट बघा आणि त्याहून तीन-चार अंश कमी असलेली घ्या. बॅगेत चौदाच क्लब चालतात, तेव्हा ती आली की काहीतरी जाणार. माझं चार नंबरचं आयर्न गेलं. पण घरातून नाही. माळ्यावर आहे. थंडीत कधीतरी एकटी रेंजवर जाते तेव्हा नेते, दहा बॉल मारते. आठ वाईट जातात आणि आठही का वाईट गेले ते हाताला कळतं.

बाकी सांगून काय कळणार. शनिवारी सव्वासहाला मी पहिल्या टीवर, म्हणजे पहिल्या होलचा फटका मारायच्या जागी, असते. माझी घेऊन चार मारून बघा. दांडा लेडीज आहे, तुम्हाला लवचिक वाटेल. डावीकडच्या झाडांत गेला तर पहिला बॉल माझ्याकडून.