मंडईत, पण खालून

आमचे घर शुक्रवार पेठेत होते तेव्हा मंडईला जाण्यासाठी तयारी लागत नसे. आईने फोडणीला तेल ठेवता ठेवता कढीपत्त्यासाठी पिटाळावे आणि मोहरी तडतडायच्या आत परतावे, इतकी ती जवळ होती. पुढे वाडा पडला, आम्ही पिंपरीत संत तुकारामनगरला राहायला आलो आणि मंडई ही गणपतीत किंवा दिवाळीच्या आधी एकदा जाऊन यायची जागा झाली. दुचाकी लावायला जागा शोधण्यात जेवढा वेळ जाई, तेवढ्यात दारावरच्या हातगाडीवर आठवड्याची भाजी घेऊन होत असे.

भुयारी मेट्रोचा जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. समारंभ खरे तर तीन दिवस आधी व्हायचा होता, पण पावसाने तो पुढे ढकलायला लावला. (पुण्यात सप्टेंबरातले मुहूर्त पावसाला विचारून काढावेत.) तेव्हापासून रविवारी सकाळी दोन कापडी पिशव्या घेऊन मी पुन्हा मंडईला जाऊ लागलो आहे.

या प्रवासात दोन नद्या लागतात. दापोडी सोडल्यावर मुळा नेहमीसारखी पुलाखालून जाते. मुठा मात्र दिसतच नाही, कारण तोवर गाडी जमिनीत शिरलेली असते आणि नदी आपल्या डोक्यावरून वाहत असते. जिल्हा न्यायालयाचे स्थानक तर सुमारे ३३ मीटर खोल आहे. गावात जायचे तर लकडी पुलावरून जावे की नव्या पुलावरून, यावर आमच्या घरात निघण्यापूर्वी हमखास होणारा वाद त्या खोलीत कायमचा बुडाला. कसबा पेठेनंतर मंडई येते, आणि शनिवारवाडा, दगडूशेठ, तुळशीबाग असे एकेक करून जे गाव पूर्वी अंगावर येई, त्यातले काहीही न दिसता आपण थेट मंडईच्या पोटात उतरतो.

मला यातला जिना फार आवडतो. खालचे स्थानक थंड, स्वच्छ आणि जवळजवळ निर्गंध आहे. सरकत्या जिन्याने वर येताना आधी आवाज येतो, मग ओल्या कोथिंबिरीचा आणि थोडा कुजक्या कोबीचा वास येतो, आणि मग एकदम दगडी इमारतीचे टोक दिसते. लहानपणी तुळशीबागेकडून येताना तो मनोरा दुकानांच्या पाट्यांमागून थोडा थोडा दिसत जाई. आता तो मुळापासून टोकापर्यंत एकदम उभा राहतो, तेव्हा आपण गावात आलो असे न वाटता विहिरीतून वर आल्यासारखे वाटते.

ही इमारत १८८६ सालची आहे. त्यापूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भरत असे. नव्या मंडईला गव्हर्नरांच्या नावावरून रे मार्केट म्हणत, आणि महात्मा फुले यांचे नाव तिला १९३८ साली, आचार्य अत्रे नगरसेवक असताना मिळाले. नगरपालिकेचे सदस्य असताना ज्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला आणि तो पैसा शिक्षणासाठी वापरावा असे सांगितले, त्यांचेच नाव तिला लागले. ज्या पालिकेने त्यांचे ऐकले नाही, तिच्याच वारसांनी केलेली ही भरपाई, असे मी समजतो. बाकी पुणेकराच्या तोंडी पूर्वीही ‘मंडई’ होती आणि आजही ‘मंडई’च आहे.

घाऊक बाजार गुलटेकडीला गेल्याला कित्येक वर्षे झाली, तरी गाळ्यांवरच्या बायकांचा रुबाब उतरलेला नाही. माझ्या ठरलेल्या मावशींनी मेट्रोच्या गिऱ्हाइकांची एक वेगळी जात पाडली आहे. “दादा, मेट्रोनं आलात ना? मग कोहळा नका घेऊ, दोडकी न्या,” असे त्या मला पहिल्याच फेरीत म्हणाल्या. हे गिऱ्हाईक जड घेत नाही, घासाघीस कमी करते आणि सारखे घड्याळ पाहते, असे त्यांचे निरीक्षण आहे. त्यातले शेवटचे मला लागले. पूर्वी मंडईत घड्याळ पाहणारा माणूस परगावचा समजला जाई. या पारावर तासन्‌तास राजकारण चघळणाऱ्यांमुळेच तर ‘मंडई विद्यापीठ’ हे नाव पडले. मी त्या विद्यापीठाच्या दारात वाढलो आणि आता बहिःस्थ विद्यार्थ्यासारखा रविवारी हजेरी लावून जातो.

म्हणून गेल्या खेपेस मुद्दाम रेंगाळलो. टिळकांच्या पुतळ्यापर्यंत गेलो, बुरूड आळीत एक सूप घेतले, जे घरी कोणालाच नको होते, आणि दोन पिशव्या, सूप आणि मेथीची गड्डी अशा अवतारात गाडीत चढलो. वातानुकूलित डब्यात मेथीचा वास जरा जास्तच पसरतो. समोरच्या मुलाने कानातले यंत्र काढून माझ्याकडे पाहिले. शेजारच्या बाईंनी मात्र गड्डीकडे पाहून भाव विचारला. मी सांगितला. “महाग दिलीत,” असे म्हणून त्या फुगेवाडीला उतरून गेल्या.