आईंचा गुडघा आणि माझी वारी

आधीच सांगून टाकते, मी देव मानत नाही. कॉलेजात असल्यापासून नाही मानत, आणि लग्न होऊन ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या या घरात आले तेव्हा पहिल्याच गणपतीत ते सगळ्या खानदानाला कळलं पण. सासूबाई पक्क्या वारकरी. गळ्यात तुळशीची माळ, दर एकादशीचा उपास, कांदा-लसूण नाही. आम्ही दोघी 19 वर्षं एका किचनमध्ये आहोत, भांडणं झालीत, खोटं कशाला बोलू. सासरे गेले त्या वर्षी शेजारच्या हळदीकुंकवाला आईंना बोलावलं नाही म्हणून मी पण गेले नाही, वर त्या बाईंना तोंडावर बोलून आले, तर घरी आल्यावर आई माझ्यावरच चिडल्या. म्हणे माझ्या नावानं क्रांती करायला तुला कोणी सांगितलं होतं?

तर अशी मी यंदा वारीला गेले. कारण एकच, आईंचा डावा गुडघा. ग्वाल्हेरहून आमच्या ओळखीतली दहा-बारा माणसं दर वर्षी तुकोबांच्या पालखीला जातात, आईंसोबत नणंद असायची, यंदा तिच्या मुलीची डिलिव्हरी नेमकी त्याच आठवड्यात आली आणि नवऱ्याला रजा नाही. मी शाळेत फिजिक्स शिकवते, माझ्या रजा पडून होत्या. मी अटी घातल्या की बारामतीपर्यंतच येईन, माळ घालणार नाही, भजन म्हणणार नाही आणि कोणी विचारलं तर खोटं सांगणार नाही. आई सुपारी कातरत बसल्या होत्या, वर न बघता म्हणाल्या, "गुडघ्याची गोळी टायमावर देशील ना? मग झालं."

झेलम एक्सप्रेसनं पुणे आणि तिथून देहू. प्रस्थानाच्या गर्दीबद्दल लिहीत नाही, सगळ्यांनी लिहिलंय, आणि मला तर पुढच्या माणसाच्या पाठीवरच्या गाठोड्याशिवाय काही दिसलंच नाही. ही पालखी 1685 साली तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी सुरू केली. पहिला मुक्काम गावातच इनामदार वाड्यात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली की पालखी पहिली थांबते ती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी. पहिली अभंग आरती तिथे. हे मला माहीतच नव्हतं! अनगडशहा फकीर तुकोबांच्या दारी आले, त्यांचा कटोरा कशानंच भरेना, तो तुकोबांच्या मुलीनं चिमूटभर पिठानं भरला असं सांगतात. चिमूटभर पिठानं कटोरा भरतो हे काही मी मानणार नाही. पण एवढ्या वर्षांची पालखी, आणि ती गावाबाहेर पडताना एका फकिराला सांगून पडते, हे मात्र डोळ्यांनी बघितलं.

आता आमच्याच ग्रुपमधला एक पोरगा, पंचवीस-सव्वीसचा असेल, तो पुटपुटायला लागला की आपली पालखी, आपला देव, इथे थांबायचं काय काम, हे सगळं बंद व्हायला पाहिजे. मी तोंड उघडणार तेवढ्यात आई वळल्या.

"अरे, तू ग्वाल्हेरचाच ना? तानसेन समारोहात आपले ढोलीबुवा हरिकथा करतात आणि तिथंच मौलवी मिलाद पढतात, तेव्हा मांडीवर वाटी घेऊन चिवडा खात बसलेला असतोस की माझ्या बाजूला. आपल्या शिंदे महाराजांचे गुरू कोण? बीडचे मन्सूरशहा. त्यांच्या गोरखी वाड्यातल्या देवघरात मन्सूरशहांचा उरूस होतो, तेव्हा कुठे जातो तुझा देव? आणि पालखी काय तुला विचारून थांबवायची का?"

पोरगा गप्प. मला इतका आनंद झाला की मी म्हणून गेले, आई, तुम्ही तर एकदम सेक्युलर निघालात! त्या म्हणाल्या, "सकाळी सकाळी शिव्या नको देऊस."

हे गंमत म्हणून सांगतेय, पण तिथे मला पहिला झटका बसला. आई माझ्या बाजूनं बोलल्याच नव्हत्या. सगळे धर्म समान वगैरे त्यांच्या डोक्यात नव्हतंच, त्यांचं म्हणणं एवढंच की मोठी माणसं जिथे थांबली तिथे आपण थांबायचं. उद्या मोठ्या माणसांनी कोणाला दाराबाहेर उभं केलेलं असेल तर याच लॉजिकनं ते पण बरोबर ठरेल, आणि तसं झालंय की. पंढरपूरच्या त्याच देवळात दलितांना आत घ्यावं म्हणून 1947 मध्ये साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. आणि चोखोबांची समाधी कुठे, तर देवळाबाहेर, पायरीजवळ. हे मी आईंना आकुर्डीच्या मुक्कामात ऐकवलं. त्या पाय चेपत होत्या स्वतःचे, म्हणाल्या, "हो, चूकच होती ती. पण चोखोबांनी वारी सोडली का?" यावर काय बोलणार. म्हणजे बोलता येतं, मी बोललेही बरंच, पण तोवर त्या झोपल्या होत्या.

पुण्यात नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला दोन मुक्काम झाले, आणि मग हडपसरवरून लोणी काळभोरच्या वाटेवर ते झालं जे मला खरं तर सांगायचंय.

वारीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात हे तुम्हाला माहीत असेल. लहान-मोठा, बाई-पुरुष काही नाही, माऊली म्हणायचं आणि वाकायचं, समोरचा पण वाकतो. मी चार दिवस हे चुकवत होते, बॅग इकडून तिकडे करायची, पाण्याची बाटली काढायची, असं करून. हडपसरच्या पुढे टँकरपाशी उभी होते तर एक म्हातारी, नऊवारी नेसलेली, पायात टायरची चप्पल, डोक्यावर बोचकं, माझ्याकडून बाटली भरून घेतली आणि "माऊली" म्हणत खाली वाकली. मी पटकन दोन पावलं मागे सरकले. तत्त्वाचा प्रश्न होता ना माझा! मी कोणाच्या पाया पडत नाही आणि कोणाला पडू देत नाही. पण ती डोक्यावर बोचकं घेऊन वाकलेली, तिचा हात माझ्या पावलाच्या अंदाजानं आलेला आणि तिथे पाऊलच नाही, तो हात तसाच डांबरावर टेकला. दुपारी एकचं डांबर. तिनं हात उचलला, तळव्याला दोन खडे चिकटलेले, ते झटकले, तोच हात कपाळाला लावला आणि हसून पुढे गेली पण. तिला काहीच वाटलं नाही बहुतेक. किंवा वाटलं असेल, मला काय माहीत.

आईंनी बघितलं होतं. दोन-अडीच किलोमीटर त्या काही बोलल्या नाहीत, जे त्यांच्या बाबतीत फार आहे. मग म्हणाल्या, "देव नको मानूस बाई. मी कधी जबरदस्ती केली? पण म्हातारं माणूस वाकलेलं असताना मागे सरकायचं, हे तुझ्या कोणत्या विज्ञानात लिहिलंय?"

लिहिलेलं नाहीये. मला त्या रात्री झोप नाही आली, तंबूत डास पण होते, पण ते एकटं कारण नव्हतं. मी फोन काढून मैत्रिणींच्या ग्रुपवर हे सगळं टाकलं, तिथे सगळे माझ्यासारखेच, न मानणारे. पहिला रिप्लाय आला, 'तू पण मेंढरांत सामील झालीस?' आणि खाली हसणारे आठ चेहरे. आता मीच हा शब्द वापरलाय पूर्वी, याच ग्रुपवर, वारीच्याच फोटोखाली. पण त्या रात्री माझ्या शेजारी सत्तर वर्षांची बाई गुडघ्याला रुमाल बांधून घोरत होती, तिला मेंढरू म्हणताय? मी ग्रुप म्यूट केला. अजून म्यूटच आहे.

तर असं दोन्हीकडून मार खात मी यवतला पोचले. यवतची पिठलं-भाकरी फेमस आहे, अख्खा गाव भाकऱ्या थापतो आणि मोठमोठ्या कढयांत पिठलं, मी साडेतीन भाकऱ्या खाल्ल्या. पंगतीत समोर दुसऱ्या दिंडीतले एक काका होते, त्यांना कोणीतरी सांगितलेलं की ह्या बाई नास्तिक आहेत. काका शांतपणे म्हणाले, तुमच्याच लोकांनी वारी बंद करायचा कायदा आणला होता ना. म्हणजे जादूटोणाविरोधी कायदा. मी तापले. म्हटलं काका, त्या कायद्यासाठी दाभोलकरांनी कित्येक वर्षं घालवली आणि 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात सकाळी फिरायला गेलेल्या त्या माणसाला गोळ्या घातल्या, त्यानंतर कुठे वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. तुम्ही तो वाचलाय का? काका म्हणाले नाही, कीर्तनात ऐकलं. मी फोन काढला, तर नेटच नाही. लाखभर माणसं एका टॉवरवर, कुठून येणार नेट.

दुसऱ्या दिवशी वरवंडला काकांनी मला बरोबर शोधून काढलं. म्हणे दाखवा आता. मी पीडीएफ उघडली, शेवटाकडे एक कलम आहे की कशाकशाला हा कायदा लागू नाही, त्यात प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, कीर्तन, प्रवचन, भजन सगळं स्पष्ट लिहिलंय. काकांचा चष्मा बोचक्यात तळाशी. म्हणाले तुम्हीच वाचा. तर मी वाचायला लागले, आणि भोवती सहा-सात म्हातारे टाळ मांडीवर ठेवून बसले, मान डोलवत ऐकतायत, मध्येच एकानं सवयीनं "रामकृष्णहरी" म्हटलं. कायद्याचं पारायण झालं अक्षरशः. वाचून झाल्यावर काका म्हणाले, "भाषा फार किचकट आहे हो. पण वारीचं काही नाही यात, बरोबर." मग थोडं थांबून, "तरी पण तुमचे लोक हसतात आम्हाला." मी म्हटलं, हसतात. काय खोटं सांगू.

उंडवडीला आईंचा गुडघा सुजला, आणि बारामतीहून ठरल्याप्रमाणे आम्ही परत फिरलो, दौंडला जाऊन झेलम पकडली. बाकीचे पुढे गेले. ट्रेनमध्ये आईंनी विचारलं, पुढच्या वर्षी? मी म्हटलं आई, मी अजून देव मानत नाही हं. त्या म्हणाल्या, "ते राहू दे, रजा मिळेल का ते विचारतेय."

घरी आल्यावर मावंदं घातलं, तेव्हा परत वाजलं आमचं. सत्यनारायणाला नवऱ्याशेजारी बसायला मी नाही म्हटलं, आईंनी दोन तास अबोला धरला, मग म्हणाल्या नको बसूस, पुऱ्या तळ. चाळीस माणसांच्या पुऱ्या! मी किचनमध्ये, घामाघूम, कणकेचे हात, आणि शेजारच्या काकू आत आल्या, त्याच त्या हळदीकुंकवाच्या. "वारी करून आलीस ग," म्हणाल्या आणि माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी ती बाई माझ्या पायाशी वाकली. मला काही सुचलंच नाही, लाटणं हातात तसंच, मी पण खाली वाकले आणि आमची डोकी आपटली. कढईतली पुरी तोवर काळी झाली होती. दारात आई उभ्या होत्या, त्यांनी आत येऊन आधी गॅस बारीक केला.