आमची वाटचाल: अ‍ॅसिटोनायट्राइल गायब झालं तेव्हा

आमची पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, बनवून देणारी लॅब. वाटचाल लिहा, वाटचाल लिहा म्हणून लॅबमधली पोरं मागे लागलीयेत. लिहितो, पण आधीच सांगतो, बरी गेलेली वर्षं सगळी सारखीच असतात, रेझिन (ज्या मण्यांवर साखळी वाढते) फुगवा, जोडा, कापा, शुद्ध करायला कॉलमवर चढवा, फ्रीज ड्राय करा, बिल पाठवा. लिहिण्यासारखं आहे ते २००८, पेप्टाइड शुद्ध करायला लागणारं अ‍ॅसिटोनायट्राइल हे सॉल्व्हंट बाजारातून गायब झालं तेव्हाचं.

त्याआधी थोडं मागचं. मी केमिस्ट आणि भागीदार मायक्रोबायोलॉजीचा. आम्ही सुरुवात केली ती मातीतल्या, अँटिबायोटिक बनवणाऱ्या जंतूंपासून, म्हणजे अ‍ॅक्टिनोमायसेट्सपासून, लोकांचे स्ट्रेन्स घ्यायचे, ज्यात ते वाढवले तो ब्रॉथ इथाइल अ‍ॅसिटेटने काढायचा, फ्रॅक्शन पाडायचे आणि प्लेटवर जंतू मेल्याचा झोन बघायचा. झोन मोठा आला की भागीदार हवेत, आणि मी मास स्पेक्ट्रोमीटरवर रेणूचं वजन बघितलं की १२५५. म्हणजे अ‍ॅक्टिनोमायसिन, वाक्समन या शास्त्रज्ञाने १९४० मध्येच काढून ठेवलेलं अँटिबायोटिक. पुढे पुढे तर नारिंगी रंग बघूनच मी मान हलवायचो. नॅचरल प्रॉडक्ट्सवाल्या प्रत्येकाचं हे रडगाणं आहे, जुनंच परत परत सापडतं. मग २००३ ला डॅप्टोमायसिनला अमेरिकेत मंजुरी मिळाली, १३ अमिनो आम्लांचं, चरबीची शेपटी असलेलं पेप्टाइड (लायपोपेप्टाइड), आणि बघता बघता ज्याला त्याला पेप्टाइड अँटिबायोटिकचे थोडे बदललेले रेणू, म्हणजे अ‍ॅनालॉग हवे झाले. तेव्हा आम्ही स्वतः शोधणं सोडलं आणि शोधणाऱ्यांना पेप्टाइड बनवून द्यायला लागलो.

पेप्टाइड आपोआप बनवणारं मशीन (सिंथेसायझर) वगैरे नव्हतं. खाली सिंटर (काचेची गाळणी) असलेलं काचेचं भांडं, नायट्रोजनचे बुडबुडे, डीएमएफ हे सॉल्व्हंट आणि २० टक्के पिपरिडीन, बस. मेरीफील्डने १९६३ मध्ये जे दाखवलं तेच, मण्यावर एकेक अमिनो आम्ल जोडत जायचं, फक्त एफमॉक या संरक्षक टोपणाने, जे पिपरिडीनने निघतं. ते भांडं अजून आहे आणि अवघड सीक्वेन्स मी अजून त्यातच करतो, कारण जोडणी झाली का हे मला डोळ्याने बघायचं असतं. निनहायड्रिन टाकून गरम केलं आणि मणी निळे झाले तर न जोडलं गेलेलं अमाइन शिल्लक आहे, परत जोडा. (प्रोलीनवर ही टेस्ट फसवते, तिथे क्लोरॅनिल वापरा.) आमच्यासारख्यांना परवडणारं मशीन टेस्टबिस्ट करत नाही, ते आपलं पुढच्या स्टेपला जातं, आणि शेवटी एक अमिनो आम्ल कमी असलेला तुकडा मेन पीकला असा चिकटून येतो की कॉलमवाला रडतो. आणि हो, नवीन लॅब टाकणाऱ्यांनो, व्हॅक्यूम पंपाआधी चांगला कोल्ड ट्रॅप घ्या, टीएफए (पेप्टाइड रेझिनवरून कापायचं आम्ल) पंपाचं तेल खातो.

पहिल्यापासूनच्या ग्राहक म्हणजे मॅडम. नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. त्यांचं सगळं काम ग्रॅमिसिडिन एसवर, गाउझे आणि ब्राझ्निकोवा यांनी १९४२ मध्ये सोव्हिएत मातीतल्या बॅसिलसमधून काढलेलं, दहा अमिनो आम्लांची बंद रिंग. जंतू मारतं छान, पण लाल पेशीही फोडतं, म्हणून फक्त वरून लावायला. पेशी न फोडणारा अ‍ॅनालॉग मिळतो का, हा मॅडमचा ध्यास. रिंग बंद करताना द्रावण अगदी पातळ ठेवावं लागतं, नाहीतर दोन साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात, म्हणजे चिमूटभर मालासाठी फ्लास्क भरून सॉल्व्हंट आणि मग ते उडवायला रात्रभर रोटाव्हॅप.

आता २००८. अ‍ॅसिटोनायट्राइल तेव्हा सहसा कुणी मुद्दाम बनवत नव्हतं, ते अ‍ॅक्रिलोनायट्राइल बनवताना बाजूला निघतं. अ‍ॅक्रिलोनायट्राइल जातं अ‍ॅक्रिलिक धाग्यात आणि गाड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये. मंदी आली, गाड्या खपेनात, प्लँट मंदावले, त्यात ऑलिम्पिकसाठी चीनमधले कारखाने बंद, त्यात टेक्सासला आइक वादळ. आणि एचपीएलसी (कॉलममधून पदार्थ वेगळे करणारं मशीन) चालवणारे सगळे जगभर बोंबलत बसले. आमचा डीलर, वर्षानुवर्षांचा, म्हणाला तुमचा कोटा बाजूला ठेवलाय. तो ठेवला होता, पण गेला दुसऱ्याच्या गोडाउनला. हा दुसरा कोण, तर आमच्याच लॅबमध्ये कॉलम पॅक करायला शिकलेला आणि वर्षभर आधी स्वतःचं दुकान थाटलेला. बरं ड्रम नेले तर नेले, वर आमच्या ग्राहकांना फोन करून सांगितलं की ते लोक बंद करतायत. अर्ध्या ऑर्डर अशाच गेल्या.

मिथेनॉलवर चालवून बघितलं. पाण्यात मिसळलं की जाड होतं, प्रेशर चढतं, आणि पेप्टाइड बघायच्या २१४ नॅनोमीटरवर आलेखाची बेसलाइन चालते डोंगरासारखी. मग वापरलेल्या सॉल्व्हंटच्या वेस्टचे कॅन उघडले. बायकार्बोनेट टाकून टीएफए मारायचा (नाहीतर तोही सोबत उकळून येतो) आणि डिस्टिल करायचं. ७६ डिग्रीच्या आसपास पाण्यासकट जे येतं त्यात साधारण ८४ टक्के अ‍ॅसिटोनायट्राइल असतं, त्यापुढे साध्या डिस्टिलेशनने जात नाही. पण क्रूड, म्हणजे अजून अशुद्ध मालाच्या पहिल्या रनला चालतं की! शेवटच्या रनला मात्र नवीनच लागतं, आणि ते नव्हतं. तेव्हा मॅडमनी त्यांच्या पीएचडीच्या मुलाबरोबर स्वतःच्या लॅबच्या सीलबंद बाटल्या पाठवल्या, माझा माल यात करा आणि उरेल ते ठेवून घ्या म्हणाल्या. त्यांचं स्वतःचं एचपीएलसी तेव्हा बंद पडून होतं हे मला नंतर कळलं. त्या बाटल्यांवर आम्ही तगलो, दुसऱ्या कशावर नाही.

त्या काळात त्या ड्रम नेणाऱ्याने विकलेला माल ९८ टक्के प्युरिटीचा होता, हे मी नाकारत नाही. पण लोकांना कळत नाही की एचपीएलसीची प्युरिटी म्हणजे पेप्टाइडमध्ये पेप्टाइड किती. टीएफए आणि पाणी त्यात दिसतच नाही. ग्रॅमिसिडिन एसवर दोन ऑर्निथीन (मोकळं अमाइन असलेलं अमिनो आम्ल), म्हणजे दोन टीएफए चिकटणार, वजनाचा जवळजवळ सहावा भाग तिथेच गेला. पॉलिमिक्सिनसारख्या पाच मोकळ्या अमाइनवाल्या अँटिबायोटिकचा तर जवळजवळ तिसरा भाग. तुम्ही १० मिलिग्रॅम समजून तोलता, एमआयसी (जंतूंची वाढ थांबवणारं किमान प्रमाण) काढता आणि म्हणता रेणू कमजोर आहे. तेव्हा कोणाकडूनही घ्या, पण नेट पेप्टाइड कंटेंट (वजनात खरं पेप्टाइड किती) मागा, टीएफएच्या जागी अ‍ॅसिटेट सॉल्ट मागा, आणि उणे २० मधली व्हायल रूम टेम्परेचरला आल्याशिवाय उघडू नका. पॉलिमिक्सिन प्लॅस्टिकला चिकटतं आणि डॅप्टोमायसिनच्या टेस्टला ५० मिलिग्रॅम प्रति लिटर कॅल्शियम लागतं, हेही आम्हीच फोनवर सांगत असतो, फुकट.

एका ग्रुपचे नंबर असेच जुळेनात. आम्ही त्यांना अमिनो अ‍ॅसिड अ‍ॅनालिसिस करून खरा कंटेंट काढून दिला, तेव्हा गणित बसलं. पेपर आला. आभार त्या ड्रम नेणाऱ्याचे, आमचं नाव कुठेच नाही.

मधली वर्षं ठीक गेली. २०१५ ला टेक्सोबॅक्टिन हे नवं पेप्टाइड अँटिबायोटिक आल्यापासून त्याचे अ‍ॅनालॉग मागणारे वाढले. त्यातलं एन्ड्युरॅसिडिडीन हे अमिनो आम्ल सहज मिळत नाही, म्हणून बहुतेक जण तिथे आर्जिनीन किंवा ल्यूसीन घालून घेतात. मागच्या आठवड्यात त्या आभारवाल्या ग्रुपकडूनच चौकशी आली, अ‍ॅसिटेट सॉल्ट, नेट कंटेंटसहित. कोटेशन पाठवलंय. डिस्काउंट मॅडमना असतो, यांना दिलेला नाही.