साजातला मासा

आईच्या कोल्हापुरी साजात २१ पानं. त्यातलं माशाचं पान मी काढून विकलं. २१ मधलं एक गेलं तर कोण मोजतंय, असा माझा हिशोब. विचारलंच तर ‘दोरा कुजला असेल’ हे उत्तर तयार होतं. तिनं विचारलंच नाही.

सुरुवात चोरीनं नव्हती झाली. उद्यमनगरात आमचं लेथचं छोटं वर्कशॉप. पाठ धरली म्हणून डॉक्टरांनी पाच दिवस ट्रामाडॉल ही दुखणं थांबवायची गोळी दिली. पाठ सुटली, गोळी सुटली नाही. २०१८ मध्ये हे औषध एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, चिठ्ठीशिवाय मिळणं अवघड झालं आणि माझी खोटं बोलायची तालीम सुरू झाली. एका डॉक्टरला पाठ, दुसऱ्याला गुडघा, तिसऱ्याला मुतखडा. पुढंपुढं गरज नसतानाही खोटंच तोंडात यायचं. गंगावेशीत दूध पिऊन आलो तरी घरी सांगायचो, रंकाळ्यावर होतो. का, ते आजही सांगता येत नाही.

एकदा वर्कशॉपमध्येच फिट आली. लेथ नुकतंच बंद केलं होतं म्हणून हात वाचला. ट्रामाडॉल जास्त झालं की फिट येऊ शकते, हे मी मोबाईलवर आधीच वाचलेलं. डॉक्टरांनी विचारलं, “काही घेतोस का?” शेजारी आबा उभे. म्हणालो, “नाही.” मग ईईजी, एमआरआय, मिरगीच्या गोळ्या. मशीनच्या हप्त्याला ठेवलेले पैसे आबांनी तिथं मोजले. मी बघत होतो.

शेवटी गोळी सोडायला भरती झालो. पहिले काही दिवस टर्की, म्हणजे गोळी तुटल्यावरचा त्रास: घाम, जुलाब, पाय एका जागी ठरेनात. ते सहन होतं, कारण ते संपतं.

बाहेर आल्यावर नार्कोटिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे नशा सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगा. तिथं नशेविना काढलेल्या दिवसांचे की-टॅग मिळतात: पहिला पांढरा, ३० दिवसांना नारिंगी, ६० ला हिरवा, ९० ला लाल. ७१व्या दिवशी मी चार गोळ्या खाल्ल्या आणि गप्प बसलो. ९०व्या दिवशी टाळ्या वाजल्या, लाल टॅग घेतला, गाडीच्या किल्लीला लावला. आठवडाभर ती किल्ली मी कुणासमोर टेबलावर ठेवली नाही. मग रात्री स्पॉन्सरला, म्हणजे गटातल्या माझ्या जुन्या सोबत्याला, फोन केला. तो रागावला नाही. “आज खरा कितवा दिवस?” एवढंच. मोजला. २६वा. पुढच्या मीटिंगला पांढऱ्यासाठी हात वर केला. फिट आली त्यापेक्षा त्या वेळी जास्त घाबरलो होतो.

माशाचं आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती.

“ठावं हाय,” म्हणाली. भाकरी तव्यावर टाकली, वरनं पाणी फिरवलं. “तुझ्या मावशीच्या पोरीच्या लग्नात समद्यास्नी सांगितलं, साज लॉकरात हाय. आपला लॉकर हाय काय रं कुठं?”

माझ्यापायी तीही खोटं बोलायला शिकली होती, हे माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं.

पान अजून करून घेतलेलं नाही. पैसे साठवतोय, सोन्याचा भाव माझ्या पुढं पळतोय. परवा आईनं ५०० ची नोट देऊन तेल आणायला पाठवलं. उरलेले पैसे तिनं माझ्यासमोरच मोजले. आधी पाठ फिरवून मोजायची.