केळीच्या मोटारीमागचा धूर

रावेर तालुक्यात आमच्या काकांची केळीची बाग आहे. गेल्या उन्हाळ्यात रात्रीच्या पाळीला मोटार चालू करून आम्ही बांधावर बसलो असताना काकांनी विचारले, "या मोटारीचा धूर तिकडे दीपनगरच्या कोळशाच्या वीजकेंद्रात निघतो म्हणतात, तर तो निघतो तरी किती?" प्रश्न साधा होता, पण त्याचे खरे उत्तर देण्यासाठी मला बरेच दिवस लागले.

पहिला हिशेब सोपा आहे. पाच एचपीची मोटार आठ तास चालली तर साधारण 30 युनिट वीज लागते. केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशाच्या ग्रीडचा, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या वीजजाळ्याचा, सरासरी उत्सर्जन-गुणांक दरवर्षी प्रसिद्ध करते आणि 2023-24 साठी तो एका युनिटमागे 0.727 किलो कार्बन डायऑक्साइड असा होता. म्हणजे एका पाळीमागे सुमारे 22 किलो. परंतु हा गुणांक वीजकेंद्रातून बाहेर पडणाऱ्या विजेचा आहे, शेतातल्या मीटरवर पोहोचलेल्या विजेचा नाही. वाटेत तारांमध्ये आणि रोहित्रांमध्ये 15 टक्के वीज जाते असे धरले, तर 30 युनिटसाठी 35 युनिट तयार करावी लागतात आणि आकडा 26 किलोच्या जवळ जातो. गळतीचा हा भाग अनेक अहवालांत वगळला जातो, ही मला गंभीर चूक वाटते, कारण शेतीच्या लांबलचक वाहिन्यांवर तो दुर्लक्ष करण्याइतका लहान नसतो.

तो धूर दीपनगरचाच असतो का, याचे उत्तर मात्र नकारार्थी आहे. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे ग्रीड उर्वरित देशाशी जोडले गेले, तेव्हापासून सगळा देश एकाच वारंवारतेवर चालतो. काकांच्या मोटारीत दीपनगरचा कोळसा, साक्रीजवळच्या शिवाजीनगरचे ऊन आणि ब्राह्मणवेलच्या पठारावरचा वारा एकत्र झालेला असतो, आणि त्यातला कोणता अंश कुठला, हे तारेकडे पाहून सांगता येत नाही.

सांगता येते ते वेळेवरून. वर्षाची सरासरी दुपार आणि मध्यरात्र एकाच मापाने मोजते. प्रत्यक्षात दुपारी सौरवीज ग्रीडमध्ये येते, पावसाळ्यात धुळे जिल्ह्यातील पवनचक्क्या जोरात फिरतात, आणि उन्हाळ्याच्या रात्री भार मुख्यतः कोळशावर पडतो, जिथे एका युनिटमागे साधारण 900 ग्रॅम ते एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यामुळे काकांची रात्रपाळी सरासरीपेक्षा अधिक धुराची आहे, असे मी आता खात्रीने म्हणतो. स्वच्छ विजेचा नवा प्रकल्प किती धूर वाचवतो हे मोजतानाही सरासरी पुरत नाही. त्याने नेमके कोणते केंद्र कमी चालवले, हे पाहावे लागते. म्हणूनच सौर आणि पवन प्रकल्पांच्या गणनेत सध्या चालू असलेल्या केंद्रांच्या उत्सर्जनाला 75 टक्के आणि नव्याने उभारलेल्या केंद्रांच्या उत्सर्जनाला 25 टक्के वजन देण्याची पद्धत आहे.

ग्रीड किती स्वच्छ झाले हे ठरवताना मेगावॅटचा आकडा पुढे केला जातो, तो मला सर्वांत फसवा वाटतो. शिवाजीनगरचा सौर प्रकल्प 125 मेगावॅटचा, तर दीपनगरचा एक मोठा संच 500 मेगावॅटचा. कागदावर फरक चौपट. सौर प्रकल्पाचा क्षमता-वापर, म्हणजे वर्षभर पूर्ण क्षमतेने चालल्यास निघणाऱ्या विजेतला प्रत्यक्ष निघणारा वाटा, 19 टक्के आणि कोळशाच्या संचाचा 70 टक्के धरला, तर वर्षाला एकीकडे सुमारे 21 कोटी युनिट आणि दुसरीकडे सुमारे 307 कोटी युनिट निघतात. चौपटीचा फरक जवळपास पंधरापट होतो. याचा अर्थ सौर प्रकल्प निरुपयोगी आहे असा अजिबात नाही. मोजमाप युनिटमध्ये करावे, स्थापित क्षमतेत नव्हे, एवढाच आहे.

हे सगळे काकांना सांगितल्यावर त्यांनी विचारले, "मग मोटार दिवसा चालवली तर?" शेतीच्या वाहिन्यांना सौरवीज जोडून दिवसा पुरवठा करण्याचा त्यांच्या दृष्टीने पहिला लाभ म्हणजे रात्री अंधारात, साप-विंचवांच्या धास्तीत बागेत जावे लागत नाही. धुराचा लाभही त्याच तासांत आहे, आणि म्हणून मोटारीच्या वहीत आता आम्ही युनिटच्या शेजारी चालू-बंदची वेळही लिहू लागलो आहोत.