आचारी, आचार्य आणि विंडोज अकरा

दुकानाचं शटर कमरेपर्यंतच वर गेलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. छापखान्याचे अण्णा. तारीख १४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. वसुबारस तीन दिवसांवर आलेली.

“अरे, आज रात्री बाराला आमचे सगळे कॉम्प्युटर बंद पडणारेत म्हणे. ऐन दिवाळीत! हातातलं टाक आणि आधी इकडे ये.”

त्या आठवड्यातला असा हा पाचवा की सहावा फोन. विंडोज १० चा आधार त्या दिवशी संपत होता हे खरंच होतं, पण व्हॉट्सॲपवर फिरता फिरता ‘आधार संपणार’चं ‘बंद पडणार’ झालं होतं. संपत होते ते सुरक्षेचे फुकटचे अपडेट. कॉम्प्युटर दुसऱ्या दिवशीही नेहमीसारखाच सुरू होतो, फक्त पुढे जी भोकं सापडतील ती बुजवायला कुणी येत नाही. हे फोनवर सांगून अण्णांचं समाधान झालं नसतं. बॅग उचलली आणि निघालो.

वाईत छापखाना म्हणजे नुसता धंदा नाही. विश्वकोशाचं गाव आहे हे. इथे पानपट्टीवालासुद्धा पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घ दाखवून देतो. अण्णांच्या वडिलांनी खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, अण्णांनी मिनी ऑफसेट आणलं. आता तिसऱ्या पिढीचा मुलगा पुण्यात आयटीत आहे आणि तिथून फोनवर सल्ले देतो. आजची घाबरगुंडीही त्याच्याचकडून आली होती. “सगळ्यांवर अकरा टाकून घ्या,” एवढंच तो म्हणाला होता. शिवाय साताऱ्याच्या एका दुकानदाराने तीन नव्या मशीनचं कोटेशन पाठवून ठेवलं होतं. आकडा बघून अण्णांनी चष्मा काढून पुसला होता म्हणे.

छापखान्यात कॉम्प्युटर तीन. दसऱ्याला लावलेलं हळदकुंकू तिन्हींच्या डब्यांवर तसंच, आपट्याची पानं वाळून मुरगळलेली.

पहिला काउंटरवरचा. बिलं, जीएसटी, ईमेल. २०२१ साली मीच बसवलेला, दहाव्या पिढीचा आय थ्री. अकरा चालेल का ते सांगणाऱ्या तपासणीच्या प्रोग्रॅमने त्यालाही लाल फुली मारली तेव्हा अण्णांचा चेहरा पडला. “चार वर्षांत भंगार?” तसं नव्हतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं. किल्ल्या ठेवायची एक छोटी तिजोरीच म्हणा. ती या प्रोसेसरमध्ये आहे, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली होती. चालू केली. दुसरी अडचण डिस्कची: जुन्या एमबीआर पद्धतीने मांडलेली, त्यामुळे अकराला लागणारं सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होतानाची राखण, लागू होईना. डेटा न पुसता मांडणी बदलणारी एक कमांड विंडोजमध्येच असते, पण ‘न पुसता’ या शब्दांवर मी विसंबत नाही. आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घेतला, मग कमांड दिली, आणि अपग्रेड सुरू करून दुसऱ्या मशीनकडे वळलो.

दुसरा अण्णांच्या पुतण्याचा स्वतःचा, घरून आणलेला. चौथ्या पिढीचा आय फाइव्ह, कोरलमध्ये पत्रिका-फ्लेक्स करायला उत्तम. अकरा चालणाऱ्या इंटेल प्रोसेसरची यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते, त्यामुळे हा अधिकृतपणे अकराच्या दारातही उभा राहू शकत नव्हता. “काका, तपासणी चुकवून टाकता येतं. मी व्हिडिओ पाहिलाय,” पुतण्या म्हणाला. येतं. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि अपडेटसाठीच तर हा सगळा खटाटोप. त्यापेक्षा त्याच्या खात्याने लॉगिन करून एक वर्षाची मुदतवाढ घेतली: १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट, सेटिंग्ज खात्याशी जोडून ठेवायची तयारी असेल तर पैसे न देता. पाच मिनिटांचं काम. वर्षभराने पुन्हा बघू.

राहिला तिसरा.

तो खिडकीजवळ, ताईंच्या टेबलावर. ताई म्हणजे अण्णांच्या कंपोजर, पंचवीस वर्षं तिथे. मशीन २००४ सालचं. विंडोज एक्सपी, पानं जुळवायचा पेजमेकर ७, आणि मागे पंचवीस पिनांच्या जुन्या पोर्टला लावलेलं बोटभर डोंगल. ते असलं तरच मराठी फॉन्टचा प्रोग्रॅम चालतो. यावर कंपोज करायचं, लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग काढायचं, त्यावरून प्लेट करायची. छापखान्याचं निम्मं मॅटर इथूनच बाहेर पडतं.

“याचं काय?” अण्णांनी विचारलं. “हा पण आज रात्री जाणार?”

“अण्णा, हा २०१४ सालीच गेला. एक्सपीचा आधार त्या वर्षी ८ एप्रिलला संपला.”

ताई हसल्या. अण्णा गंभीरच. साडेअकरा वर्षं बिनआधाराचं मशीन आपलं पोट भरत होतं, हे त्यांना आता कळलं होतं, आणि ते घाईला आले. यावरही अकरा हवं, नाहीतर ताईंचं काम काउंटरच्या मशीनवर हलव. आज. आत्ता.

इथे मी थांबलो, कारण मला माझं जुनं पाप आठवलं. बरीच वर्षं झाली. एका दूध संस्थेत हौसेने नवं ६४ बिटांचं विंडोज टाकून दिलं. जुनी डिस्क फॉरमॅटही करून मोकळा झालो. त्यांचा हिशेबाचा प्रोग्रॅम डॉसच्या काळातला, १६ बिटांचा. ६४ बिटांच्या विंडोजवर तो उघडतच नाही. दुसऱ्या दिवशी दहा दिवसांची बिलं वाटायची होती. सचिव काही बोलले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत बसले. ते बोलले असते तर बरं झालं असतं. बॅकअपवरून सगळं पुन्हा उभं करायला पहाट झाली, आणि मजुरी मागायची माझी हिंमत झाली नाही.

म्हणून ताईंना म्हटलं, आधी नीट बघू द्या. आणि बघायला म्हणून टेबलामागे वाकलो, प्रिंटरची केबल नीट दिसावी म्हणून ते डोंगल जरा हलवलं. जरा म्हणजे ते हातातच आलं.

वरून ताईंचा आवाज: “अहो, हे काय झालं?”

पडद्यावर आधीचं मॅटर शाबूत होतं, पण ताई पुढे टाइप करत होत्या ते इंग्रजी अक्षरांचं कडबोळं उमटत होतं. मी डोंगल परत खुपसलं, तर पेजमेकरच गोठला. बंद करून पुन्हा उघडेपर्यंत मी देवाचं नाव घेत होतो. ताई मात्र शांत. “पान उलटलं होतं मी मघाशी. पान उलटलं की तो आपोआप जपून ठेवतो.” आणि खरंच, शेवटच्या पानावरचे चार परिच्छेद सोडले तर सगळं परत आलं. बाईंनी ते चार परिच्छेद माझ्यादेखत पुन्हा ठोकले, कीबोर्डकडे न बघता. मी काही न बोलता चहा सांगितला.

आता प्रश्न नीट मांडू. त्या फायलींत मराठी आहे असं आपल्याला वाटतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते मराठी नाहीच. जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात: काना एका जागी, रफार दुसऱ्या, अर्धा श तिसऱ्या. फॉन्ट आहे तोवर ‘वाई’ दिसतं. फॉन्ट गेला की नुसता पाला. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरवून दिलेले क्रमांक; त्यात देवनागरीला स्वतःच्या जागा १९९१ पासूनच आहेत, पण पेजमेकरला युनिकोड कळत नाही आणि तो आता कुणी सुधारणारही नाही. नव्या मशीनला पंचवीस पिनांचं पोर्ट नाही. यूएसबीची जोडकेबल प्रिंटरला चालते, डोंगलला बहुधा नाही. म्हणजे ताईंचं काम हलवायचं तर मॅटरच युनिकोडमध्ये बदलून न्यायला हवं.

“मग बदल ना,” अण्णा म्हणाले. “त्याचा प्रोग्रॅम असतो म्हणे.”

असतो. माझ्याकडेही आहे. तोवर काउंटरवर अकरा चढलं होतं, तेव्हा करूनच दाखवू म्हटलं. ताईंनी गेल्या वर्षीचा कृष्णामाईच्या उत्सवाचा अहवाल दिला, सोळा पानी. मजकूर बाहेर काढला, पेनड्राइव्ह तपासून काउंटरवर नेला, बदलला. अर्ध्या मिनिटात पडद्यावर स्वच्छ मराठी. अण्णा खूश. मीही, खोटं कशाला बोलू. पुतण्याने तर टाळी दिली.

ताई पदराला हात पुसत आल्या, चष्मा लावला आणि वाचायला लागल्या. तिसऱ्या पानावर बोट टेकवलं.

“हे बघा. ‘आचार्यांस मानधन व शिधा.’”

“बरोबर आहे की,” पुतण्या म्हणाला.

“उत्सवात आचार्य कुठले आले? स्वयंपाकाचे आचारी होते. ‘आचाऱ्यांस’ हवं.”

तो आडवा, मिशीसारखा र. हिंदीवाल्यांना त्याची गरज पडत नाही, आपलं मात्र त्यावाचून भागत नाही. जुन्या फॉन्टमध्ये त्याची वेगळी जागा होती. बदलणाऱ्या प्रोग्रॅमने त्याला सरळ रफार करून टाकलं. स्पेलचेकर पकडणार नाही, कारण ‘आचार्यांस’ हाही शुद्धच शब्द. पुढच्या पानावर महाबळेश्वरच्या दऱ्यांचा दर्या झाला होता, म्हणजे डोंगरात समुद्र. सोळा पानांत ताईंनी अशा अकरा जागा काढल्या, प्रूफ समोर न घेता. शेवटी हिशेबाच्या तक्त्यात दोन ठिकाणी आकडेही सरकलेले निघाले.

अण्णा खुर्चीत बसले. “आणि यात आहे किती मॅटर?”

मी मोजलं. अकरा हजारांवर फायली. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, निवेदनं, संस्थांचे अहवाल. प्रत्येक फाइल बदलून पुन्हा ताईंच्या नजरेखालून घालायची तर छापखाना बंद ठेवावा लागला असता.

निर्णय मग आपोआपच झाल्यासारखा झाला, तरी मी अण्णांना तो तीनदा समजावला. तिसरं मशीन आहे तसंच राहणार, फक्त एकटं. त्याची नेटची केबल मी तिथल्या तिथे काढली आणि गुंडाळून बॅगेत टाकली, म्हणजे कुणाला परत लावायचा मोह नको. आधार संपलेल्या मशीनचा खरा धोका या केबलमधून येतो. मे २०१७ मध्ये फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय आला तो कुणी काही न दाबता नेटवर्कवरून एकाचा दुसऱ्याला लागत गेला, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांची कामं अडली, आणि मायक्रोसॉफ्टला तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठीही पॅच काढावा लागला. ताईंच्या मशीनला इंटरनेटचं काम तसंही नव्हतंच. ती केबल कुणीतरी कधीतरी ‘असू दे’ म्हणून लावली होती.

नवी कामं मात्र काउंटरवर, युनिकोडमध्ये. जुनं मॅटर लागेल तेवढंच, लागेल तेव्हा बदलायचं आणि ताईंनी वाचायचं. ताईंना हे फारसं आवडलं नाही. त्यांची बोटं मराठी टायपिंगच्या परीक्षेतली, विंडोजमधला नेहमीचा मराठी कीबोर्ड इनस्क्रिप्टचा, अक्षरांच्या जागाच वेगळ्या. “आता या वयात क कुठेय ते शोधू?” जुन्या टायपिंगच्या बोटांसाठीही युनिकोडचा कीबोर्ड मिळतो म्हटल्यावर चेहरा जरा सैल झाला. बसवून दिला. पहिली ओळ त्यांनी टाइप केली: ‘आचाऱ्यांस मानधन व शिधा.’ मिशी जागच्या जागी.

खरी भीती दुपारनंतर होती: डिस्क. ऐंशी जीबीची, जुन्या रुंद पट्टीच्या केबलची, एकवीस वर्षं फिरलेली. बाहेर काढून जोडणीवर लावली, तर किर्र आवाज करायला लागली. पूर्ण नक्कल उतरवायला तासभर लागायचा, तिला सव्वादोन तास लागले. मधे एकदा आकडा पंधरा मिनिटं एकाच जागी अडून बसला. त्या पंधरा मिनिटांत अण्णांनी दोनदा विचारलं आणि दोनदा मी ‘होतंय’ म्हणालो. काय होतंय ते मलाही माहीत नव्हतं. अपग्रेड करायचं की नाही यावर सकाळपासून सगळे बोलत होतो, आणि या अकरा हजार फायलींची दुसरी प्रत जगात कुठेच नव्हती, हे कुणाच्या, माझ्याही, तोंडून निघालं नव्हतं. चार वर्षं या छापखान्यात माझं जाणं-येणं आहे.

साडेसहाला नक्कल पुरी झाली. एक प्रत अण्णांच्या घरी कपाटात, एक माझ्याकडे. माझ्या माळ्यावर त्याच काळातला एक मदरबोर्ड पडून आहे, तो ताईंच्या मशीनसाठी राखून ठेवला. डोंगलला मात्र जोडी नाही. ते गेलं की तो विषयच संपला. हे अण्णांना तोंडावर सांगितलं. त्यांनी पुतण्याला दोरा आणायला लावला आणि डोंगल डब्याच्या हुकाला बांधून टाकलं. बांधताना माझ्याकडे बघितलं.

बिल केलं. साताऱ्याचं कोटेशन अण्णांनी उलटं करून त्याच्या पाठीवर माझा हिशेब मांडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पावणेनऊला फोन. माझ्या पोटात गोळा.

“चालू आहेत रे सगळे,” अण्णा म्हणाले. “पण काउंटरवरचं ते स्टार्टचं बटण मधे का आलंय? ते डावीकडे होतं. चांगलं होतं.”

सेटिंग्जमध्ये टास्कबारवर जायला सांगितलं, अलाइनमेंट लेफ्ट. मागून ताईंचा आवाज आला, “त्यांना म्हणावं, माझं मधे आलेलं नाही.”