लेकीच्या भेटीसाठी कोर्टात गेलो आणि एका पाकिटावर अडकलो (माझा अनुभव)

आधीच सांगतो, मी वकील नाही आणि हे बायकोचं गाऱ्हाणंही नाही, आमच्यात जे झालं ते झालं. लिहितोय ते एका खाकी पाकिटाबद्दल, ज्याच्यापायी माझे सात महिने गेले आणि अजूनही आठवलं की डोकं फिरतं.

वेगळे झालो तेव्हा मुलगी साडेचार वर्षांची. नेटवर वाचून मी फुल तयारीत, की हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा १९५६, कलम ६, नैसर्गिक पालक म्हणजे वडील आणि त्यांच्यानंतर आई, मग ताबा माझाच की! वकील मॅडमनी शांतपणे त्याच कलमातली पुढची ओळ वाचायला लावली. पाच वर्षांच्या आतलं मूल साधारणपणे आईकडे. आणि वर कलम १३, ज्यात मुलाचं हित सगळ्यात आधी, आई काय नि बाप काय नंतर. त्या म्हणाल्या, "नैसर्गिक पालक हा शब्द शाळेच्या फॉर्मवर उपयोगी पडतो हो, शनिवारी पोरगी हातात यायला ऑर्डर लागते." तेव्हा राग आला होता, पण बरोबर होतं ते. कोर्टात "माझा हक्क" म्हटलं की समोरचे चेहरे बंद होतात, "तिला बाप भेटायला हवा" म्हटलं की निदान पेन उचललं जातं.

तर १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स अॅक्टखाली याचिका टाकली, सोबत अंतरिम भेटीचा, म्हणजे निकाल लागेपर्यंत मुलीला भेटू देण्याचा अर्ज. समन्स बजावणी, बायकोचं वकीलपत्र, तिचा से (म्हणजे लेखी उत्तर), हे सगळं आश्चर्य वाटावं इतकं वेळेत झालं. जजसाहेबांनी आदेश दिला की विवाह समुपदेशकांनी आईवडील आणि मुलीशी बोलून अहवाल द्यावा, मग अंतरिम अर्जावर बघू. समुपदेशक बाईही चांगल्या होत्या. तीन आठवड्यात आम्हा दोघांना वेगवेगळं बोलावलं, मुलीला एकदा चित्र काढायला बसवलं, मला म्हणाल्या काळजी करू नका, अहवाल आठवड्यात जाईल.

आणि मग सुरू झालं.

पहिली तारीख, अहवाल आला नाही. दुसरी तारीख, आला नाही. तिसऱ्या तारखेला जजसाहेब रजेवर. चौथीला कळलं की त्या बाईंची बदली झाली. नवीन आलेल्या म्हणाल्या माझ्याकडे तुमची फाईलच नाही, टेबलावरच्या क्लार्कने सांगितलं "मॅडम जाताना सगळं वर पाठवून गेल्या", वर म्हणजे कोर्टात, आणि कोर्टातले म्हणायचे आमच्याकडे आलं असतं तर लावलं नसतं का साहेब. मी या दोन मजल्यांमधला जिना किती वेळा चढलोउतरलो असेन त्याचा हिशोब नाही. प्रत्येक वेळी सकाळपासून बोर्डाखाली बसायचं, पुकारा झाला की आत जायचं, दीड मिनिटात बाहेर. रोजनाम्यात, म्हणजे त्या तारखेला काय झालं याच्या कोर्टाच्या नोंदीत, तेच दोन शब्द, "अहवाल प्रतीक्षेत". ऑफिसातून रजा काढून दीड मिनिट! मधल्या काळात पोरगी पाच वर्षांची झाली, मी मेसेजवर केकचा फोटो बघितला.

(इथे एक सांगायचं राहिलं, ई-कोर्ट्सच्या अॅपवर सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) टाकून केस सेव्ह करून ठेवा, पुढची तारीख तिथे दिसते. पण अॅपवर विसंबू नका, रोजनाम्याची नक्कल अर्ज करून घ्या. मी पाचव्या तारखेनंतर घ्यायला लागलो, पहिल्यापासून घ्यायला हवी होती.)

सहाव्या तारखेला मी आवाज चढवला. काही उपयोग झाला नाही, उलट शिपाई पुढच्या वेळी ओळख दाखवेना. तेव्हा प्लीज, ते करू नका. वकील मॅडमना म्हटलं आपण घटस्फोटाच्या केसची फाईल बघू या का, त्या म्हणाल्या त्याचा काय संबंध. झालं होतं असं की घटस्फोटाचा अर्ज तिने आधीच टाकलेला, तो दुसऱ्या कोर्टरूममध्ये, माझी ताब्याची याचिका वेगळ्या नंबरने इकडे. मला रात्री झोपताना सुचलं की आम्हाला त्या समुपदेशक बाईंकडे पहिल्यांदा पाठवलं ते घटस्फोटाच्या केसमधून, समेट होतो का बघायला, म्हणजे त्यांच्या वहीत आमचा नंबर तिकडचाच असणार.

फाईल तपासणीचा अर्ज दिला, तिकडच्या क्लार्कसमोर उभ्या उभ्या पानं उलटली. शेवटी, सगळ्या कागदांच्या मागे, दोरीत ओवलेलं खाकी पाकीट, सीलबंद. वर निळ्या पेनाने आमची दोघांची नावं आणि घटस्फोटाचा नंबर. आत आल्याचा शिक्का साडेपाच महिन्यांपूर्वीचा. बाईंनी खरंच आठवड्यात पाठवला होता. त्या कोर्टात कुणी अहवाल मागितलाच नव्हता म्हणून कुणी उघडला नाही, आणि या कोर्टात सगळे वाट बघत होते. दोन्ही खोल्यांमध्ये एक व्हरांडा!

मला हसू आलं की रडू आलं ते आठवत नाही, पण क्लार्कला मी पाणी मागितलं हे आठवतंय. मॅडमनी दुसऱ्या दिवशी पुरसिस (कोर्टाला कळवायचं छोटं लेखी निवेदन) दिली, पाकीट मागवून घेतलं, आठव्या तारखेला युक्तिवाद झाला आणि ऑर्डर झाली. मॅडम मला सॉरी म्हणाल्या नाहीत, पण त्यानंतर माझे फोन पहिल्या रिंगला उचलतात.

म्हणून सांगतो, घटस्फोटाची केस चालू असेल तर मुलांसाठीचा अर्ज त्यातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली टाकता येतो. वेगळी याचिका टाकलीच तर दोन्ही एकाच कोर्टासमोर आणायचा अर्ज लगेच द्या. आणि दुसरी चूक माझी स्वतःची, अहवाल येईपर्यंत निदान कोर्टातल्या मुलांच्या खोलीत तासभर भेटू द्या असा अर्ज मी दिलाच नाही. गार्डियन्स अॅक्टच्या कलम १२ मध्ये तात्पुरता आदेश मागता येतो. मी आपला रिपोर्ट, रिपोर्ट करत बसलो.

व्हिडिओ कॉलही मागून घ्या. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये यशिता साहू केसमध्ये म्हटलंय की ज्याच्याकडे ताबा नाही त्याला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता यायला हवं. मॅडमनी तो निकाल जोडला, मला आठवड्यातून तीन कॉल मिळाले, रोज नाही, पण मिळाले.

ऑर्डर टाइप होताना लक्ष ठेवा. वार, वेळ, जागा, कोण आणून सोडणार, मूल आजारी पडलं तर भरपाईची भेट कधी, सगळं लिहून हवं. माझ्या ऑर्डरमध्ये नुसतं "शनिवारी, मुलांच्या खोलीत" आलं होतं, आणि दुसऱ्या नि चौथ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी. कुलपासमोर उभं राहिल्यावर ट्यूब पेटली. मग दुरुस्ती करून पहिला आणि तिसरा करून घेतला.

आणि भेट नाकारली म्हणून पोटगी थांबवायची नाही. मित्र सांगतील थांबव म्हणून. थांबवली की पुढच्या तारखेला चर्चा फक्त त्याचीच होते. भेट बुडाली तर हजेरीच्या वहीत आपली सही करा, त्याच दिवशी साधा सभ्य मेसेज पाठवा, ते जपून ठेवा.

पहिल्या भेटीला ती दारात आईचा हात धरून उभी, माझ्याकडे न बघता. मी खाली बसलो, तिथल्या खेळण्यातला झाकण नसलेला कुकर उचलला आणि त्यात ठोकळे भरायला लागलो. पाच मिनिटांनी ती आली आणि म्हणाली, "बाबा, असं नसतं, आधी पाणी घालायचं." मग तोंड उघडून पडलेल्या दाताची जागा दाखवली. तासात आमचा भात तीनदा झाला.

आता मी मे महिन्याच्या सुट्टीत तिला आठ दिवस माझ्याकडे ठेवायचा अर्ज टाकलाय. त्यावर पुन्हा समुपदेशकांचा अहवाल मागवलाय. परवा खाली जाऊन नवीन मॅडमना भेटलो, दोन्ही केसचे नंबर मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद त्यांच्या वहीत टाचून आलो. त्या जरा हसल्या, टाचणी मात्र मीच घरून नेली होती.